मामाचं खरं होतं, पण जुनं होतं

आमच्या घरी एक निळी वही आहे. शंभर पानी, साधी, कोपऱ्यावरच्या दुकानातली. तिच्यावर दादाच्या अक्षरात लिहिलंय, 'प्रवेश परीक्षा'. आतल्या पहिल्या पानावर पाच प्रश्न आहेत, बाकी नव्वद पानं माझी. या वर्षी ती वही कोल्हापूरला मामाकडे गेली. ती तिथे कशी पोचली ते सांगायचं, तर आधी २०१८ सालचा जून सांगायला हवा.

आम्ही बेळगावचे. शहापुरात घर, बाबा उद्यमबागेतल्या एका कारखान्यात टर्नर. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. गणितात हुशार, आणि सिव्हिल इंजिनिअर व्हायचं एवढं एकच त्याच्या डोक्यात. २०१८ला तो पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला होता. घरात याआधी इंजिनिअरिंगला कोणी गेलेलं नव्हतं. कुठली परीक्षा द्यायची, फॉर्म कधी निघतो, कुणाला विचारायचं, आम्हाला कशाचाच पत्ता नव्हता. कॉलेजात सगळे कर्नाटकाच्या सीईटीचा फॉर्म भरत होते, म्हणून दादानेही तो भरला. महाराष्ट्राचं काय, हे विचारायला एकच माणूस होता. मामा.

मामा कोल्हापूरला असतो. आईचा धाकटा भाऊ, पण आमच्या घरात त्याचा शब्द मोठा. दिवाळीला आला तेव्हा म्हणाला, "आक्का, काय काळजी करू नकोस. तुमच्या सीमाभागातल्या पोरांना आमच्याकडं वेगळ्या जागा आहेत. सीईटी-बिईटी काय लागत नाही. बारावीचे मार्क आणि दाखला आणायचा, बास."

तो हे ठामपणे म्हणाला, प्रेमानं म्हणाला आणि महाराष्ट्रात राहून म्हणाला. आम्हाला आणखी काय हवं होतं? बाबांनी त्या दिवशी कुंदा आणला.

जूनमध्ये दादा आणि मामा कोल्हापुरातल्या एका कॉलेजात चौकशीला गेले. खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं, "सीईटीचा रोल नंबर?" मामा म्हणाला, "सीमाभागातला आहे ओ मुलगा." बाईंनी खालून एक जाडसर पुस्तिका काढली, पान उलटलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. सीमाभागातल्या मराठी मुलांना महाराष्ट्राचे उमेदवार धरायची तरतूद खरंच होती. पण गुणवत्ता यादी लागणार होती ती सीईटीच्या गुणांवर, आणि सीईटी मे महिन्यात होऊन गेली होती.

त्या बाई काही उद्धट बोलल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "अहो, मार्चच्या आत विचारायला यायचं होतं." येताना एसटीत निपाणीपर्यंत मामा एक शब्द बोलला नाही, असं दादा सांगतो.

कर्नाटकाच्या सीईटीत दादाला जो क्रमांक मिळाला, त्यावर लांबच्या एका कॉलेजात त्याला नको असलेली शाखा मिळत होती. तिथली फी आणि राहण्याचा खर्च बाबांच्या पगारात बसत नव्हता. त्याने बेळगावातच बीएस्सीला नाव घातलं. पुढे गणितात एमएस्सी केली. आता तो शिकवण्या घेतो आणि मुलं त्याच्यावर खूश असतात. पण त्या जूननंतर मामा आमच्याकडे पूर्वीसारखा राहायला येईना. यायचा, जेवायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचा. त्याला कोणी काही बोललं नव्हतं. आणि कोणी काही बोलत नाही, हेच त्याला लागत असावं.

माझी बारी आली २०२४ला. अकरावी सुरू झाली त्याच आठवड्यात दादाने ही निळी वही आणली आणि पहिल्या पानावर पाच प्रश्न लिहिले. परीक्षा कोण घेतं? हातातली पुस्तिका कुठल्या वर्षाची? त्यातला माझा रकाना कोणता? प्रवेशाला गुण कशाचे धरतात, परीक्षेचे की बारावीचे की दोन्हींचे? आणि कागद कोणता, कुठल्या नमुन्यात, कुणाच्या सहीने, कोणत्या तारखेपर्यंत?

"कुणीही काहीही सांगितलं की ऐकून घ्यायचं," दादा म्हणाला, "आणि मग या पाचांतनं काढायचं."

ऐकायला सोपं वाटतं. करायला बसले तेव्हा कळलं की आपण सगळे 'सीईटी' हा एकच शब्द वापरतो आणि प्रत्येकाच्या मनात वेगळीच परीक्षा असते. कर्नाटकाची सीईटी बंगळुरूचं परीक्षा प्राधिकरण, म्हणजे केईए घेतं. महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी मुंबईचा राज्य सीईटी कक्ष घेतो. जेईई मेन आणि नीट या देशपातळीवरच्या परीक्षा एनटीए घेते. चार परीक्षा, चार पुस्तिका, चार संकेतस्थळं. मी वहीत प्रत्येकीला एक पान दिलं आणि जे स्वतःच्या डोळ्यांनी मूळ पुस्तिकेत वाचलं तेवढंच त्यावर लिहिलं.

आमच्या केसीईटीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणिताचे प्रत्येकी ६० प्रश्न, प्रत्येकाला १ गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पण इंजिनिअरिंगचा क्रमांक लावताना निम्मं वजन सीईटीला आणि निम्मं पीयूसीच्या त्या विषयांच्या गुणांना असतं. म्हणजे पीयूसीची परीक्षा अंगावर घेऊन चालत नाही.

एमएचटी-सीईटीला तिन्ही विषयांचे प्रत्येकी ५० प्रश्न. पण गणिताच्या प्रश्नाला २ गुण, इतरांना १, मिळून २००. इथेही उणे गुण नाहीत. बारावीला खुल्या प्रवर्गात ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गात ४० टक्के एवढी पात्रतेची अट, पुढची यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर. शिवाय एक गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती. प्रश्नांचा साधारण २० टक्के भाग अकरावीवर आणि ८० टक्के बारावीवर असतो आणि अभ्यासक्रम महाराष्ट्र बोर्डाचा असतो. आमच्या पीयूसीला एनसीईआरटीची पुस्तकं. बरेचसे धडे तेच, पण सगळे नाहीत. दादाने महाराष्ट्र बोर्डाची पुस्तकं आणली, दोन्ही अनुक्रमणिका शेजारी ठेवल्या आणि वेगळे पडणारे धडे पेन्सिलीने खुणा करून काढले. त्या एका रविवारचा मला किती फायदा झाला, हे मे महिन्यात कळलं.

जेईई मेनला चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. आणि एनआयटीत जायचं तर नुसतं जेईईत चमकून भागत नाही. बारावीला ७५ टक्के हवेत किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये यावं लागतं. अनुसूचित जाती-जमातींसाठी ही अट ६५ टक्क्यांची आहे. करोनाच्या काळात ती शिथिल केली होती, २०२३पासून पुन्हा लागू झाली. माझ्या वर्गातला एक मुलगा आपल्या चुलतभावाच्या भरवशावर "अशी काही अट नसतेच" म्हणून सांगत फिरायचा. चुलतभाऊ खोटं बोलत नव्हता. त्याने करोनात प्रवेश घेतला होता.

इथे मला मामाचं कोडं सुटलं. दादा एकदा सहज म्हणाला, "मामानं ते कुठनं ऐकलं असंल गे?" शोधलं तर निघालं असं. २०१४ आणि २०१५ अशी दोन वर्षं महाराष्ट्रात इंजिनिअरिंगचे प्रवेश एमएचटी-सीईटीवर झालेच नव्हते, जेईई मेनवर झाले होते. २०१६पासून सीईटी परत आली. मामाच्या ओळखीचा निपाणीकडचा एक मुलगा २०१५ला लागला होता. त्याने सांगितलं, "मी सीईटी दिली नाही." ते खरंच होतं. त्याने जेईई दिली होती, पण तेवढं सांगायचं राहिलं. तीन वर्षांनी तेच वाक्य आमच्या घरात आलं, तेव्हा त्यातला अर्धा भाग गळून गेला होता आणि उरलेला शिळा झाला होता.

मामाचं खरं होतं, पण जुनं होतं. हे कळल्यावर माझा त्याच्यावरचा राग गेला. आणि राग होता हेही तेव्हाच कळलं.

एप्रिलमध्ये केसीईटी झाली. १८ आणि १९ एप्रिल. बाहेर आलो तर सगळीकडे एकच आरडाओरडा, अभ्यासक्रमाबाहेरचे प्रश्न आले म्हणून. संध्याकाळपर्यंत फोनवर चार वेगवेगळ्या बातम्या. परीक्षा रद्द, परीक्षा पुन्हा, सगळ्यांना सरसकट गुण. माझी एक मैत्रीण तर 'आता परत द्यायचीच आहे' म्हणून पुस्तकं बांधायला तयार नव्हती. दादाने वहीतला पहिला प्रश्न दाखवला. परीक्षा कोण घेतं? मग त्यांचं काय म्हणणं येतंय ते बघूया की. शेवटी केईएने अभ्यासक्रमाबाहेरचे ५० प्रश्न वगळून बाकीच्यांवर गुण द्यायचं ठरवलं. पुन्हा परीक्षा झाली नाही. मधल्या दिवसांत मी एमएचटी-सीईटीचे ते पेन्सिलीचे धडे करत होते.

सीईटीला आम्ही कोल्हापूरला गेलो. मामा सकाळी साडेपाचला स्टँडवर उभा होता. परीक्षेचं त्याने काही विचारलं नाही. फक्त प्रवेशपत्राची झेरॉक्स काढून आणली होती, तीन प्रती.

आता तिसऱ्या आणि पाचव्या प्रश्नाची गोष्ट. इथे मीही आपटलेच असते.

महाराष्ट्राच्या प्रवेशात पुस्तिका दोन असतात, हे आधी लक्षात घ्या. एक परीक्षेची, ती फॉर्म निघतो तेव्हा येते. दुसरी प्रवेशप्रक्रियेची, ती नंतर येते, आणि आपण महाराष्ट्राचे की बाहेरचे हे त्या दुसरीत ठरतं. तिथे महाराष्ट्राच्या उमेदवारांचे प्रकार ए, बी, सी, डी, ई असे दिलेले असतात. आमचा 'ई'. वादग्रस्त सीमाभागात राहणारा, तिथल्याच मान्यताप्राप्त संस्थेतून दहावी किंवा बारावी झालेला आणि मातृभाषा मराठी असलेला उमेदवार. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर हक्क सांगतो, तो हा सीमाभाग. नुसतं मराठी असणं पुरत नाही, नुसतं बेळगावात राहणंही पुरत नाही. म्हणूनच इंदूरच्या किंवा वडोदऱ्याच्या मराठी मुलांनी आमच्याकडे बघून 'आम्हालाही चालेल' असं धरू नये. त्यांचा रकाना वेगळा आहे, तो त्यांनी आपल्या कागदपत्रांवरून शोधायला हवा.

मी 'ई' निवडला आणि मातृभाषेसाठी गावातल्या एका मान्यवरांचं पत्र जोडलं. छान लेटरहेड, गोल शिक्का, मराठीत सुरेख मजकूर. बाबांना त्या पत्राचा फार अभिमान होता. आजोबा सीमाप्रश्नाच्या मोर्चात गेले होते, त्याचाही त्यात उल्लेख होता. तिसऱ्या दिवशी अर्ज परत आला. खाली शेरा होता, दाखला विहित नमुन्यात नाही.

बाबा खूप दुखावले. "आपण मराठी हाय हे आता कागदावर पटवायचं काय?" एवढंच म्हणाले आणि अंगणात जाऊन बसले. मला रडू आलं. दादा मात्र पुस्तिकेची शेवटची पानं उलटत होता. तिथे नमुने छापलेले होते. कोरे, जागा सोडलेले, कुणी सही करायची तेही खाली लिहिलेलं. आम्ही ती पानं पाहिलीच नव्हती. पाचवा प्रश्न लिहिणाऱ्यानेही पाहिली नव्हती.

छाननीची मुदत संपायला दोन दिवस होते. दादाने नमुन्यांच्या प्रती काढल्या. बाबा कारखान्यातून रजा टाकून आले आणि ज्या अधिकाऱ्याची सही पुस्तिकेने मागितली होती त्या कचेरीत आम्ही दुपारी पोचलो. टेबलावरचे कारकून कानडी बोलणारे होते. नमुना हातात घेऊन त्यांनी दोनदा वाचला. बाबांच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते मला दिसत होतं. आता हे काय म्हणणार? ते म्हणाले, "मुलीचं ॲडमिशन काय? मग आजच पाहिजे की. साहेब चारला येतात, बसा." सव्वाचारला सही झाली. जाताना त्यांनीच सांगितलं, शिक्का नीट उमटलाय का बघा, स्कॅन करताना पुसट आला तर परत फिरवतील.

रात्री कागद चढवला. दुसऱ्या दिवशी दुपारी अर्ज मंजूर झाल्याचा निरोप आला. आई देवापुढे साखर ठेवायला गेली आणि बाबा पुन्हा अंगणात जाऊन बसले. पण या खेपेला वेगळ्या कारणानं.

आता मी पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हॉस्टेलवर माझ्या खोलीत जतची एक मुलगी आहे, घरची भाषा कानडी. एकदा तिला निळ्या वहीची गोष्ट सांगताना मी केईएच्या पुस्तिकेतलं एक पान दाखवलं. कर्नाटकानेही अगदी अशीच सोय ठेवली आहे. महाराष्ट्रातल्या दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, जत, गडहिंग्लज या तालुक्यांतल्या कानडी मुलांना 'गडिनाडू' म्हणून अर्ज करता येतो. त्यांना कन्नड भाषेची एक छोटी परीक्षा द्यावी लागते. ती बघतच राहिली. तिच्या घरी, तिच्या शाळेत कोणालाच हे माहीत नव्हतं. "माझ्या नावची दारं दोन होती म्हण की," ती म्हणाली. तिचं काही बिघडलं नाही, ती इथे मजेत आहे. पण तिचा धाकटा भाऊ यंदा दहावीला आहे आणि तिने ते पान घरी पाठवलंय.

या फेब्रुवारीत मी सुट्टीला घरी आले होते. रात्री जेवताना मामाचा फोन आला. त्याची मुलगी, आमची धाकटी, बारावीला आहे. तिला आयुर्वेदाला जायचंय. मामा आईला म्हणत होता, "आयुर्वेदाला नीट लागत नाही म्हणे. आमच्या शेजारचे सांगत होते."

आईने फोन कानापासून लांब धरला आणि दादाकडे बघितलं. आठ वर्षांत या विषयावर त्या दोघांत एक वाक्य झालं नव्हतं. दादाने हात पुसला आणि फोन घेतला.

"मामा, बीएएमएसलापण नीटच लागते. फॉर्म सुटलाय. लॅपटॉप लाव, आपण दोघं मिळून पुस्तिका उघडूया."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग मामाचा आवाज, बारीक. "पोरा, तुझ्या वेळंला मी—"

"मामा, पान चार काढ," दादा म्हणाला. "पात्रता लिहिलंय बघ."

रात्री साडेअकरापर्यंत ते दोघं फोनवर होते. मामा एकेक ओळ मोठ्याने वाचत होता आणि दादा "पुढं" म्हणत होता. मध्येच दोघं कशावर तरी हसले. आईने ताट झाकून ठेवलं ते तसंच राहिलं.

मित्रमैत्रिणींनो, हे वाचणाऱ्यांत कोणी बारावीला असेल, कोणाची धाकटी भावंडं असतील. तुम्ही वडोदऱ्याला असाल तर तुमच्यापुढे गुजकेट असेल, हैदराबादला असाल तर तेलंगणाची ईएपीसेट, इंदूर-ग्वाल्हेरला इंजिनिअरिंगसाठी जेईई मेन. वास्तुशास्त्राला जायचं तर नाटा किंवा जेईईचा वेगळा पेपर. महाराष्ट्रात बी.फार्म किंवा बीएस्सी ॲग्रीला जायचं तर पुन्हा एमएचटी-सीईटी. मी वर लिहिलेले गुण आणि टक्केही माझ्या वर्षाच्या वाचनातले आहेत. माझ्या शब्दावर जाऊ नका, तुमच्या वर्षाची पुस्तिका उघडा. आणि शेवटची पानंही बघा, नमुने तिथेच असतात.

काका, मामा, शेजारचे, सगळ्यांचं ऐका. ते आपल्यासाठीच सांगत असतात. फक्त ऐकून झालं की त्यांनाच शेजारी बसवा आणि पुस्तिका सोबत वाचा.

मामा गेल्या महिन्यात बेळगावला आला, निळी वही न्यायला. दोन दिवस राहिला.